सावडीचा बैल

रस्त्याने बैलजोडी जाताना दिसली की मी अजूनही गाडी हळू करतो. दोन्ही बैल एका घरचे की दोन घरचे, हे ओळखायचा प्रयत्न करतो. घरचे लोक हसतात, पण ती घटना मनातून जात नाही, त्याला मी तरी काय करणार?

मी तेव्हा बीड जिल्ह्यात, वडवणीच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. लोकसभेचा निकाल नुकताच लागला होता. त्या काळात नळाला पाणी यायच्या आधी गावात मोबाइलचा टॉवर आला होता. पूर्वी निवडणूक झाली की पारावर चार दिवस हमरीतुमरी व्हायची, एखाद्याचं डोकं फुटायचं, आमचे दोन कागद खर्ची पडायचे आणि पुढच्या बाजाराला तीच माणसं एका टपरीवर चहा प्यायची. आता भांडण घरी घेऊन जायची सोय झाली होती. जेवताना फोन, गोठ्यात फोन, शेताच्या बांधावर फोन. कोणत्या समाजाने कुणाला पाडलं यावरून रोज नवा मजकूर फिरायचा. समाजांची आणि पक्षांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. दोन्हीकडचं सगळं वाचायची वेळ नोकरीमुळे माझ्यावर आली होती, आणि घाणीत कुणीही कुणाला हार जाणारं नव्हतं.

एका सकाळी हद्दीतल्या एका गावच्या पोलीस पाटलांचा ठाणे अंमलदाराला फोन आला. "साहेबांना म्हणावं गाडी घिऊन या. एकाच्या दारात लोक जमल्यात. माझं कुणी ऐकंना."

स्टेशन डायरीला नोंद करून चार कर्मचारी घेतले आणि निघालो. पोहोचलो तेव्हा एका पत्र्याच्या घरासमोर बरीच माणसं होती. पत्र्यावर दगड पडलेले दिसत होते. घरमालक आत होता आणि दारात त्याची बायको उभी होती. तिच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता.

मी म्हणालो, "बाई, कोयता खाली ठेवा. आम्ही पोलीस आहोत."

"पोलीस हायसा तर त्यांला मागं सारा. मला कावून सांगता?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. आधी जमाव मागे सारला, मग तिनेही कोयता ठेवला. तिच्या नवऱ्याला मी जीपमध्ये घेतलं. अटक करण्यासाठी नव्हे, त्या दिवशी गावात तो सुरक्षित नव्हता म्हणून. जमाव मात्र पोलिसांनी उचलला, उचलला म्हणत खूश झाला.

दुपारी त्याच गावचा एक शेतकरी फिर्याद द्यायला आला. त्याला आपण फिर्यादीच म्हणू. आदल्या संध्याकाळी गावाच्या मोबाइल ग्रुपवर एक मजकूर आला होता. हा ग्रुप खरं तर पाण्याचा टँकर कधी येणार हे कळवायला काढलेला. गावातले दोन्ही समाज त्यात होते. त्या मजकुरात फिर्यादीच्या समाजातल्या बायकांबद्दल जे लिहिलं होतं, ते मी इथे सांगणार नाही. फिर्यादीने फोन पुढे केला. मजकुराच्या वर, ज्याला आम्ही सकाळी आणलं होतं त्याचंच नाव होतं. पोलीस पाटलांच्या फोनमध्येही तेच. गावात ज्याचा फोन बघावा त्यात तेच नाव.

"तुमचं त्याच्याशी जुनं वैर?" मी विचारलं.

फिर्यादीने पुढे केलेला फोन परत घेतला. मग म्हणाला, "वैर कशाचं साहेब? सावड हाय आमची. त्याचा एक बैल, माझा एक. बापापासून."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहान शेतकऱ्याला दोन बैल पोसणं जमत नाही. मग दोन घरं एकेक बैल पाळतात आणि नांगरणी-पेरणीला जोडी करतात. आज तुझं रान, उद्या माझं. याला सावड म्हणतात. सावड मोडली तर दोघांचीही पेरणी अडते, कारण पेरणीची तिफण एका बैलाने चालत नाही. पेरणी तोंडावर आली होती. ट्रॅक्टरने पेरून घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती.

"आता?"

"आता मोडली. सकाळीच माझा बैल सोडून आणला त्याच्या दावणीतून." आणि मग खरं दुखणं बाहेर आलं. "मी सवता फोन केलता त्याला. पारावर पोरांनी त्यांच्या फोनवरनं नंबर लावून हातात दिला. त्यानं मला आईवरून शिवी दिली साहेब. माझी आई अंथरुणाला खिळलीय. आमच्या घरचे ऊसतोडीला गेलते तवा ह्याच्याच आईनं तिला भाकरी कुस्करून चारलीय. आन ह्यानं तिच्यावरून..."

एवढा रांगडा माणूस माझ्यासमोर रडला.

मी विचारलं, "आवाज त्याचाच होता?"

"त्याचाच की. जन्माचा आवाज वळखायला येत न्हाई का?"

फिर्याद लिहून घेतली आणि चौकशीला बसलो. सकाळी जीपमध्ये आणलेल्या त्याच्या सावडकऱ्याने पहिलंच उत्तर दिलं ते असं: "माझ्या फोनात कारडच न्हाई."

नोकरीत हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकताना जांभई यावी. हवालदार तर हसलाच. पण मला दुसरी एक गोष्ट खटकत होती. गुन्हा केलेला माणूस चौकशीत हमखास स्वतःबद्दल विचारतो. किती दिवस ठेवणार, जामीन होईल का, कुणाला फोन करू का. हा माणूस पुन्हा पुन्हा एकच विचारत होता.

"त्यानं बैल सोडून नेला का साहेब?"

"नेला."

मान खाली घालायचा, आणि जरा वेळाने पुन्हा, "खरंच नेला का?"

कर्मचारी पाठवून घरून त्याचा फोन मागवला. त्यात खरोखर सिमकार्ड नव्हतं. बायको गोठ्यात जाताना तो बॅटरी म्हणून वापरत होती. "कार्डाचं काय केलंस?" विचारल्यावर म्हणाला, "मुकादमाला परत दिलं. कारड मुकादमाचंच आसतंय."

तो नंबर मी स्वतः लावून पाहिला. बंद. नंबर कुणाच्या नावावर आहे याची माहिती कंपनीकडून मागवायला जिल्ह्याच्या सायबर शाखेकडे पत्र पाठवलं. पण पत्राचं उत्तर येईपर्यंत गावाने थांबायला हवं ना? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत व्हायची. म्हणून मुकादमाचा शोध सुरू केला. हा त्याच गावच्या ऊसतोड मजुरांची टोळी दरवर्षी कारखान्यावर नेणारा माणूस. दुसऱ्या दिवशी तो मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर सापडला. ट्रकवाल्यांशी पुढच्या हंगामाची बोलणी चालली होती. जेवण अर्धवट टाकून आमच्याबरोबर आला.

मुकादमाचं म्हणणं सरळ होतं. मजूर सहा महिने दुसऱ्या मुलखात असतात. तिथे इकडचं कार्ड महाग पडतं आणि यांच्याकडे कागदपत्रं धड नसतात. म्हणून तो स्वतःच्या नावावर कार्डं घेतो. टोळी निघाली की वाटतो. कारखाना बंद झाला, म्हणजे त्यांच्या भाषेत पट्टा पडला, की गोळा करतो. पुढच्या हंगामाला कार्डं तीच, माणसं बदललेली.

"हे बेकायदा आहे, माहीत आहे का?"

"आता तुमी सांगितलं म्हणून कळलं." खोटं बोलत होता, पण तो विषय मी नंतरसाठी ठेवला.

"या माणसाचं कार्ड परत घेतलंस?"

"घेतलं की. आन चार दिसांमागं दिलंबी दुसऱ्याला. त्यानं नवा फोन घेतलता, म्हणला दादा, एक कारड माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"कोण तो?"

मुकादमाने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर फिर्यादी बसला होता. आवाज बारीक करून मुकादम म्हणाला, "ह्याचाच धाकटा भाऊ."

धाकट्याला बोलावून घेतलं. आदल्या दिवशीच्या जमावात तो सगळ्यात पुढे होता, हे मला आठवत होतं. फिर्यादीला आत घेतलं, त्याचा फोन टेबलावर ठेवायला लावला. सावडकरीही समोर होता. धाकट्याला म्हणालो, "तुझा फोन चालू कर आणि या भावाला लाव."

"भाऊ तर हितंच हाय."

"लाव बे," माझा हवालदार म्हणाला. तो त्याच भागातला होता.

टेबलावरचा फोन वाजला. त्यावर नाव आलं ते सावडकऱ्याचं. ज्याचं नाव होतं तो माणूस रिकामे हात गुडघ्यावर ठेवून समोर बसलेला. फिर्यादी त्या नावाकडे पाहतच राहिला. फोन वाजून वाजून थांबला.

धाकट्याने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं आहे हेच त्याला तोपर्यंत कळलं नव्हतं. तालुक्याच्या कुठल्या तरी ग्रुपवर त्याने तो मजकूर पाहिला. "डोकं फिरलं साहेब. म्हणलं आपल्या लोकांनी बगावं, हे आपल्या बायांबद्दल काय लिवत्यात. म्हणून गावाच्या ग्रुपवर ढकलला. कारड टाकलं तवा ग्रुप आपोआप आलता फोनात." वर स्वतःचा एक शब्दही लिहिला नव्हता. गावातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो नंबर जुन्या माणसाच्या नावाने साठवलेला, त्यामुळे सगळ्यांना दिसलं ते त्या जुन्या माणसाचंच नाव.

"मग त्याच्या घरावर दगड कशाला मारलास?"

"लोक म्हणले त्यानं टाकलं. मला वाटलं त्यानंबी टाकलं आसंल."

"आणि फोन बंद का ठेवलास?"

"लई फोन यायले शिव्यांचे. नवा फोन, नावं कुणाचीच भरलेली न्हाईत. वाटलं त्यांचेच लोक हायती. मंग मीबी दिल्या."

आता फिर्यादीने तोंड उघडलं. आवाज अगदी हळू होता. "परवा सांजच्याला कुटं हुतास?"

"स्टँडवर."

"पारावरून एक फोन आलता?"

"लई आल्ते."

"आईवरून शिवी दिलीस?"

धाकटा भावाकडे बघत राहिला. काय झालं ते त्याला कळलं तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आपलेच दात, आपलेच ओठ. पारावरचा कालवा, स्टँडवरच्या गाड्यांचे भोंगे, आणि त्यात दोन सख्खे भाऊ एकाच आईवरून एकमेकांना शिव्या देत होते. फोनवर एक नाव दिसलं, म्हणून थोरल्याला आवाजही त्याच नावाचा ऐकू आला.

पुढचं काम कायद्याचं. रागाने का होईना, मजकूर पुढे पाठवणं म्हणजे पसरवणंच, हे धाकट्याला सांगितलं आणि त्याच्यावर कारवाई केली. मुकादमाची पण सुटका झाली नाही. मग सावडकऱ्याला विचारलं, घरावर दगडफेक झाली त्याची तक्रार द्यायची का? माझा अंदाज होता, हा म्हणेल, जाऊ द्या साहेब, गावातलीच माणसं. गावाकडचे लोक बहुतेक तेच म्हणतात.

तो म्हणाला, "लिवा. माझी बायकू दारात कोयता घिऊन हुबी ऱ्हायली. ते मी कसं इसरू?"

"यात यांचंही नाव येईल," मी फिर्यादीकडे बोट दाखवलं. तोही त्या जमावात होता.

"येऊ द्या." मग म्हणाला, "पर पेरणीचं काय, ते इचारा त्याला."

फिर्यादी खाली बघत म्हणाला, "बैल पेरणीला हाय. त्यानं कवाबी सोडून न्यावा."

मला त्याच वेळी दोघांना जवळ घेऊन समजूत घालावीशी वाटली होती. आज वाटतं, घातली नाही तेच बरं झालं. तक्रार आणि पेरणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

काही दिवसांनी गस्तीवर असताना त्या गावच्या शिवारातून गेलो. तिफण चालू होती. दोन बैल, एक तांबडा आणि एक पांढरा. दोघेही गडी रानात होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. सावडकऱ्याची बायको दोघांची भाकरी घेऊन आली. एक फडकं बांधावर ठेवलं, दुसरं घेऊन पलीकडे नवऱ्याकडे गेली. मी फिर्यादीजवळ गेलो.

"बोलणं सुरू झालं का?"

"न्हाई साहेब. बोलायला मला तोंड न्हाई, आन त्याला मन न्हाई. पर रोज सकाळी त्यो माझ्या गोठ्यात येतो, बैल सवता सोडून नेतो. मी रातच्याला गोठ्याचं दार लावत न्हाई."

मी जीपमध्ये येऊन बसलो. चालकाला गाडी हळू न्यायला सांगितली.

पुढे ते बोलायला लागले की नाही, मला माहीत नाही. माझी बदली झाली. पण त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. फोनवर जे नाव दिसतं, ते आपणच कधी तरी भरलेलं असतं. पलीकडे कोण आहे, हे ते नाव सांगत नाही. आणि मनात राग आधीच तयार असला की त्याला बसायला कुठलंही नाव चालतं. निवडणूक तो राग तयार करून देते. निवडून येणारा आणि पडणारा दोघेही नंतर आपापल्या कामाला लागतात. आपण मात्र तो राग सांभाळत बसतो.

आता निवृत्तीनंतर माझ्याही फोनवर प्रत्येक निवडणुकीला असले मजकूर येतात. नात्यातलेच लोक पाठवतात, चांगले शिकलेले. पुतण्याने एकदा विचारलं, काका, अशांना काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, उत्तर घरी जाऊन द्यावं. शिवी द्यायचीच असेल तर तीही समोर उभं राहून द्यावी. निदान आई कुणाची आहे ते तरी कळतं.