सात झाली, पाच व्हायची आहेत

चहा आधी संपवून घ्या बघू. हे ऐकताना गरम घोट घशात अडकला, तर बोल मला लावाल! फजिती माझी आणि ठसका तुम्हाला, असं नको.

गोष्ट पन्नास सालानंतरची. तेव्हा दिल्लीला एक घोर लागला होता. देशात पोरं जन्मतात तरी किती? वाढतायत की कमी होतायत? कोणालाच धड सांगता येईना. मग सरकारने पाहणी काढली. घरोघर जायचं आणि बायकांना विचारायचं, बाई, तुम्हाला मुलं किती झाली? आता हे विचारायला पुरुष गेला, तर आमच्याकडची बाई त्याला अंगणात तरी उभं करील का? म्हणून मॅट्रिक झालेल्या मुली हव्या होत्या. रत्नागिरीत त्यांना मी सापडले.

मी म्हणजे झाडगावच्या लिमयांची शालू. वय चोविशी ओलांडलेलं, उंची नको तेवढी, आणि त्यात नोकरी! माझ्या लग्नाच्या काळजीने आई अर्धी झाली होती. आणि त्याच वर्षी जमलं हो! बापटांचा वसंत, कचेरीत कारकून, माझ्याहून बोटभर उंच. बोटभरच, पण उंच! साखरपुड्याचा दिवस ठरला. आई उठताबसता बजावायची, "शालू, तोंड सांभाळ. जमलेलं मोडायला एक शब्द पुरतो."

एक शब्द म्हणे! मी एक शब्द न बोलून मोडत आणलं.

झालं असं. साहेबांनी मला समुद्रकाठची बारा गावं नेमून दिली होती. पाऊस लागायच्या आत सगळी संपली नाहीत तर नोकरी संपली, अशी सक्त ताकीद. त्यामुळे माझा जीव सदा टांगलेला. भेटेल तो विचारायचा. तलाठी विचारायचा, एस.टी.चा कंडक्टर विचारायचा, जयगडचा होडीवाला वल्हं मारता मारता विचारायचा, "काय बाई, किती झाली?" मी म्हणायची, "चार झाली," "पाच झाली." गावं हो! दुसरं काय?

अशी मी वेळणेश्वराला पोचले. मे महिन्याचं ऊन. एका घराच्या खळ्यात मांडवाखाली बायका कोकमासाठी रातांबे फोडत बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत लाल. मधोमध घरच्या यजमानीण काशीबाई. मी टेकले, घाम पुसला आणि लागले कामाला.

"काकू, तुम्हाला मुलं किती झाली? आहेत किती, गेली किती?"

काशीबाईंच्या कपाळाला आठी पडली. "अगो, आल्याआल्या लोकांची पोरं मोजतेस? दृष्ट लागायची! आधी तुझी किती झाली ती सांग."

आता तुम्हीच सांगा, महिनाभर जो प्रश्न सगळे विचारत होते, तोच नाही का हा?

"माझी सात झाली," मी ऐटीत म्हटलं. "पाच व्हायची आहेत अजून."

रातांबे फोडायचे थांबले.

"सात?"

"हो ना. पाऊस लागायच्या आत सगळी व्हायला हवीत. साहेबांनी तसं बजावलंय."

"साहेबांनी?" काशीबाईंचा आवाज खोल गेला.

"पहिल्या दोनांच्या वेळी एक मास्तर होते सोबतीला. पुढे त्यांची बदली झाली. मग बाकीची माझी मी एकटीनेच केली. सुरुवातीला जड जातं, पण सवय होते काकू."

"आणि नवरा? तो काय म्हणतो?"

"नवरा कुठला! लग्न व्हायचंय अजून. रत्नागिरीच्या बापटांच्या वसंताशी ठरलंय."

"त्यास ठाऊक आहे हे?"

"म्हणजे काय! कौतुक आहे त्याला."

काशीबाईंच्या हातातला रातांबा सुटला आणि थेट माझ्या पायाशी गडगडत आला. मी तो उचलून परत दिला. मला काय माहीत, ह्या वसंताच्या सख्ख्या आत्या!

दुसऱ्या दिवशी उरलेली घरं घेतली, तर काय सांगू, गाव माझ्यावर जीव टाकायला लागलं. उन्हात चालू नकोस, भिंतीला टेकून बस, दूध घे. प्रत्येक घरी अळिवाचा लाडू! बाळंतिणीचं खाणं भर मे महिन्यात कशासाठी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो एवढाच, की दुसरा मागितला तर बरं दिसेल का?

मी घरी परतायच्या आत काशीबाईंचा निरोप रत्नागिरीला पोचला होता. दुसऱ्याच दिवशी वसंताचे वडील, तात्या, दारात हजर. मागे वसंत, मान खाली. मी चहा घेऊन बाहेर आले. तात्यांनी कपाला हात लावला नाही. माझं काही चुकलं की काय?

"मुली," तात्या चाचरत म्हणाले, "वेळणेश्वराला तू म्हणे सांगितलंस... सात?"

हायसं वाटलं मला! म्हटलं, सासऱ्यांना सुनेच्या कामाची चौकशी आहे.

"हो तात्या. पण आता आठ झाली."

तात्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. इतक्यात आई आतून आली. लेकीचं कौतुक करायची संधी ती सोडते का?

"आमची शालू फार झपाट्याची हो! बरोबरच्या मुलींची अजून चारसुद्धा झाली नाहीत. लग्नानंतरही तिला हे चालू ठेवायचंय. तुमची हरकत नाही ना?"

"अहो... पण ती आहेत कुठे?"

"समुद्रकाठी, सगळी," मी म्हटलं.

"सांभाळतं कोण?"

"प्रत्येकाला तलाठी आहे की!"

तात्या उठले. टोपी हातात होती ती डोक्यावर घालायचंही त्यांना सुचेना. आईला काही कळेना, पण पाहुणा चहा न घेता उठला म्हणजे लग्न मोडलं, एवढं तिला कळत होतं. ती भिंतीला धरून खालीच बसली. आठ गावं झाली म्हणून कोणी लग्न मोडतं का हो?

तेव्हा वसंताने पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आठ... काय?"

"गावं!" मी रडत ओरडले. "आठ गावं! दुसरं काय?"

मग वसंत जो हसायला लागला, तो थेट ओसरीवर जाऊन बसला. मराठीत मूलही नपुंसकलिंगी आणि गावही नपुंसकलिंगी, त्याला मी काय करू? सगळं कळल्यावर मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तात्यांनी मात्र निवलेला चहा एका घोटात संपवला आणि दुसरा मागितला.

साखरपुड्याला काशीआत्या आल्या. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानाशी लागल्या. "बाय, तुला एकटीला वाईट वाटू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी दोन-दोन, तीन-तीन पोरं वाढवून सांगितली हो. सरकारात काही होणार नाही ना?"

अंगठी बोटात जायच्या आधीच मला घाम फुटला. दिल्लीचा हिशेब! देशाचा आकडा!

सोमवारी साहेबांपुढे उभी राहिले. तोंड उघडायच्या आत तेच गरजले, "लिमयेबाई, वेळणेश्वर काय प्रकार आहे? एवढे जन्म? ताबडतोब जा आणि पुन्हा विचारा."

गेले. एकेका बाईसमोर हात जोडून सांगितलं, मला एकही नाही, तुम्ही खरं तेवढंच बोला. नवे आकडे घेऊन आले, तर साहेब खुर्चीतून उठलेच.

"शाबास! पंधरवड्यात जन्म निम्म्यावर? बाई, असं केलंत तरी काय तिथे?"

आता लपवून काय उपयोग? सांगितलं सगळं, लाडवांसकट. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"लिमयेबाई," ते काळजीच्या सुरात म्हणाले, "लग्न करताय, आनंद आहे. पण पुढे जरा बेताने घ्या. तुम्हाला एक झालं, की जिल्ह्याला शंभर होतील!"