गोमाबाबांचं मत

दुपार झाली तरी मतपेटी रिकामी होती. मतपत्रिकांचा गठ्ठा तसाच बांधलेला होता. बोटाला लावायची शाई वाळेल म्हणून मी बाटलीला झाकण लावायला सांगितलं. आम्ही गावच्या शाळेच्या एका वर्गात बसलो होतो.

ही नव्वदच्या दशकातली विधानसभेची निवडणूक. मी पनवेलच्या एका शाळेत शिक्षक होतो. शिक्षकांना इलेक्शन ड्यूटी चुकत नाही. त्या वेळी मी केंद्राध्यक्ष होतो, म्हणजे एका मतदान केंद्राचा प्रमुख. हाताखाली तीन कर्मचारी, एक शिपाई आणि बंदोबस्ताला एक हवालदार. पनवेल मतदारसंघ तेव्हा फार पसरलेला होता. एकीकडे शहर आणि नव्या कॉलन्या, दुसरीकडे खाडीकाठची भातशेतीची, मिठागरांची गावं. आज खारघरमध्ये टॉवर उभे आहेत तिथे तेव्हा चिखल तुडवत जावं लागायचं. माझं केंद्र अशाच एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही.

गावाची जमीन नव्या शहरासाठी गेली होती. त्या बदल्यात जे मिळायचं ते मिळालं नव्हतं. म्हणून गावकीने ठराव केला होता की मतदानावर बहिष्कार. आदल्या दिवशी आम्ही पेट्या घेऊन पोचलो तेव्हा पोलीस पाटलांनी पाणी दिलं आणि सांगितलं, "तुमी तुमचं काम करा, मास्तर. तरास कोनी देनार नाय. पन येनार बी कोनी नाय."

तसंच झालं. केंद्रापासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ असते. तिच्या आत प्रचार चालत नाही. त्या रेघेच्या पलीकडे चिंचेखाली गावातले पुरुष सकाळपासून शांत बसून होते. कोणी घोषणा देत नव्हतं. त्यांचा पुढारी हिराजी म्हात्रे नावाचा तरुण होता. रेती-सिमेंटच्या कामावर मुकादम. बोलायला सौम्य.

जेवणाच्या सुमारास झोनल ऑफिसरची जीप आली. हा अधिकारी आठ-दहा केंद्रांवर फिरून आकडे गोळा करतो.

"किती टक्के?"

"शून्य."

"वर शून्य कसं कळवू? काहीतरी करा ना, मास्तर."

मी काय करणार? ते चिडूनच व्हरांड्यात गेले आणि थबकले. काठी टेकत, भिंत चाचपत एक म्हातारा पायरी चढत होता. धोतराला गुडघ्याशी माती लागली होती. वाटेत कुठेतरी पडला असावा.

"मत कुटं टाकतात?" त्याने विचारलं.

ते गोमा म्हात्रे. हिराजीचे वडील. दोन्ही डोळे गेलेले. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसरा आपोआप गेला, असं त्यांनीच सांगितलं. ठरावाच्या सभेत त्यांनी एकट्यानेच नाही म्हटलं होतं.

इथे एक नियम सांगायला हवा. तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. निशाणीसमोर रबरी शिक्का मारून, घडी करून ती पेटीत टाकायची. ज्याला दिसत नाही त्याने एक सज्ञान सोबती आणायचा. मतदार सांगेल तिथे सोबत्याने शिक्का मारायचा आणि मत कोणाला दिलं हे कोणालाही सांगणार नाही असं लिहून द्यायचं. मात्र केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही सोबती होता येत नाही.

मी हे गोमाबाबांना समजावलं.

झोनल ऑफिसर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या शिपायाला बरोबर द्या आणि मोकळे व्हा. एक तर एक."

"चालत नाही, साहेब."

"इथे कोण तक्रार करणार आहे?"

"तक्रारीचं नाही. आपल्या माणसाने मारलेला शिक्का त्यांचा कशावरून?"

ते जीपमध्ये बसून पुढच्या केंद्राकडे गेले. गोमाबाबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले. "कोनी तरी येल," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळाने हिराजी आला. रेघ ओलांडताना त्याने मागे वळून पाहिलं.

"बाबा, घरी चला."

"तू सोबती हो. मग जाऊ."

"मी ठरावावर सही केलीय. गावाला तोंड काय दाखवू?"

"तुझी सही तुझी. जमीन गेली तवा मला कोनी इचारलं नाय, हिरू. ठराव केलात तवा नाय म्हटलं, ते बी कोनी ऐकलं नाय. आज हे इचारतात तर मी घरात बसू?"

हिराजी माझ्याकडे वळला. "सर, त्यांना दिसत नाय. तुमीच परत पाठवा."

"मला त्यांना परत पाठवता येत नाही. ते मतदार आहेत."

तो वडिलांसमोर वाकला. वडिलांच्या धोतरावरची माती त्याने हाताने झटकली आणि परत चिंचेखाली जाऊन बसला.

त्यानंतरचा वेळ फार वाईट गेला. गोमाबाबांना आम्ही डब्यातली भाकरी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. कोणाचं पाऊल वाजलं की मान उचलायचे. पाऊल आमच्यापैकीच कोणाचं तरी असायचं. मतदान संपायला थोडा वेळ राहिला होता, तेव्हा चिंचेखालच्या माना एकदम वळल्या. एक बाई रेघ ओलांडून येत होती.

"मी येते बाबांसंगं," ती म्हणाली.

ती यमुना, हिराजीची बायको. मी तिला सगळं समजावलं. गुप्ततेचा कागद वाचून दाखवला. तिने नीट ऐकून, अक्षर अक्षर जोडत सही केली. यादीत तिचंही नाव होतं, म्हणून विचारलं, "तुमचं मत द्यायचं का?"

"नको. गावानं नको म्हटलंय. मी फकस्त बाबांना आनलंय. दोनदा पडले हो ते सकाळपासून. मला बघवंना."

दोघं आडोशाच्या मागे गेली. गोमाबाबा तिच्या कानाशी काहीतरी बोलले. बाहेर आल्यावर त्यांनी पेटीची फट स्वतः बोटांनी शोधली आणि मतपत्रिका आत सोडली.

"पडलं?"

"पडलं, बाबा," ती म्हणाली.

ती त्यांचा हात धरून चिंचेजवळून गेली. हिराजी तिथे नव्हता. तो आधीच उठून गेला होता.

आम्ही पेटी सील केली. हिशेबात मतदान एक लिहिलं. मोजणीच्या वेळी सगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळत, त्यामुळे ते मत कोणाला पडलं हे सरकारला कळणार नव्हतं. निवडून येणारा मोठ्या फरकाने आला. त्या मताने काही बिघडलं नाही, काही घडलंही नाही.

पुढच्या वर्षी शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत यमुना मुलीला घेऊन आली. मी ओळखलं नाही. तिनेच ओळख दिली. ती आता भावाकडे खांदा कॉलनीत राहत होती.

मी विचारलं, "गोमाबाबा कसे आहेत?"

"गेले."

मग तिने थोडक्यात सांगितलं. एका पक्षाने म्हाताऱ्याला फोडलं आणि हिराजी आतून सामील होता, अशी गावात आवई उठली. घर वाळीत पडलं. विहिरीवर बाया बाजूला सरायच्या. गावकी म्हणाली, मत कोणाला दिलं ते सांगा, आम्ही बंदी उठवतो. गोमाबाबा म्हणाले, माझं मत माझं. पावसाळ्यात ते वारले. खांदा द्यायला गावातलं कोणी आलं नाही. तिचा भाऊ आणि इकडचे दोघे-तिघे गेले, तेव्हा प्रेत उचललं. मग ते मत कोणाला दिलं हे ठाऊक असलेली एकटी यमुनाच उरली.

"दहाव्याला हे म्हनले, आता तरी सांग. मी नाय म्हटलं. मग म्हनले, खोटं सांग, कंचं बी नाव घे, पन हे मिटव. बाबांच्या नावानं खोटं कसं बोलू? मग त्यांनी मला इकडं आनून सोडली. वाईट नायत ते, सर. थकले."

मी म्हटलं, "यमुनाताई, बाबा आता नाहीत. तुम्ही सांगितलंत तर सरकार काही विचारायला येणार नाही. संसार तरी वाचेल."

ती म्हणाली, "बाबा गेल्यावर सांगायचं असं तुमी वाचून दाखवलं नव्हतं."

मुलीला प्रवेश दिला. मुलगी दहावीपर्यंत आमच्याकडे होती. हिराजी तिला भेटायला कधीमधी फाटकाशी यायचा, आत यायचा नाही. यमुना परत सासरी गेली नाही.

त्या गावाने नंतरच्या निवडणुकीत रांगा लावून मतदान केलं. मागण्या त्याच होत्या. मी पुढे निवृत्त होईपर्यंत बऱ्याच ड्यूट्या केल्या आणि सोबत्यांकडून तो कागद सही करून घेत राहिलो. सोबत्याने मत गुप्त ठेवावं, एवढंच नियमात लिहिलेलं आहे. ते ठेवल्यावर त्याने राहायचं कुठे, याबद्दल काही लिहिलेलं नाही.