गॅस लागला की दूध

बोईसरच्या कारखान्यांत गॅस लागलेल्या माणसाला दूध पाजतात. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. दुधानं विष उतरतं म्हणे. कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काढली, पण तापलेल्या दुधाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. घरी चहासुद्धा कोराच पितो.

एका दुपारी सालवडला राहणाऱ्या कामगाराला रिक्षात घालून आणलं. टाकी साफ करायला उतरला होता, आतल्या वाफेनं भोवळ येऊन पडला. सोबत सुपरवायझर, हातात दुधाची फाडलेली पिशवी. कामगाराचे ओठ निळे, शर्ट छातीपर्यंत ओला, नाकातून पांढरा फेस. नासलेलं दूध रंगाच्या डब्यात ढवळावं तसा वास.

"आमी लगेच दूध पाजलं, साहेब," सुपरवायझर म्हणाला. "शुद्धीत नव्हता, तर दोगांनी तोंड उघडून धरलं. सगलं गेलं." त्याला शाबासकी हवी होती.

मी श्वासनलिकेत नळी घालून सक्शन लावलं. बरणीत दूध जमायला लागलं, गुठळ्या झालेलं. माणसाच्या फुप्फुसातून दूध उपसायचं! सिस्टरनं तोंड फिरवलं. आमच्या शास्त्रात वाद पुष्कळ आहेत, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये यावर कुणाचंच दुमत नाही. मोकळ्या हवेत आणायचं, कुशीवर वळवायचं, ऑक्सिजन लावायचा. ऑक्सिजनचा सिलिंडर कारखान्यात होता का, असं मी विचारलं.

"हाय ना, ऑफिसात हाय. पण आदी दूध आणाया धावलो."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मला चीड आली नाही, शिसारी आली.

व्हेंटिलेटरवर तो काही दिवस झुंजला. गॅसचा असर ओसरला होता, फुप्फुसं मात्र दुधानं सडत गेली. शेवटी गेला.

त्याची बायको जळगावकडची. रडून झाल्यावर तिनं सुपरवायझरपुढे हात जोडले. "तुम्ही दूध पाजलं भाऊ. जाताना तेवढं तरी त्यांच्या पोटात गेलं." त्यानं नम्रपणे मान खाली घातली.

जिन्यात मी त्याला गाठलं. ते दूध पोटात नाही, छातीत गेलं होतं आणि माणूस त्यानंच मेला, हे आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यानं कठडा धरला. डोळे भरून आले होते. चला, निदान याला तरी कळलं, असं मला वाटलं.

"चुकलंच मग आमचं," तो म्हणाला. "साहेब, पुडच्या वेलेला काय पाजायचं?"