आबासाहेबांचे इतर

नोकरी देताना आबासाहेबांनी माझी पदवी विचारली नाही, आधी कुठे काम केलं तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, "आपले पूर्वज कोणाच्या पथकात होते?" मी फार्मसी शिकलेली बाई, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याजवळच्या त्यांच्या मेडिकलमध्ये औषधं द्यायचं काम मागायला आले होते. पूर्वज दख्खनेतून शिपाई म्हणून आले एवढंच आमच्या घरात माहीत. पथक-बिथक कोणाला ठाऊक नाही, असं मी सांगितलं. आबासाहेबांनी क्षणभर डोळे मिटले आणि मोठ्या मनाने मला माफ करत म्हणाले, "काही हरकत नाही. शिलेदार लिहून टाकू."

त्यांचे स्वतःचे पणजोबा पिलखान्यात हत्तींच्या चाऱ्यावर कारकून होते. हे मला त्यांच्याच बायकोकडून कळलं. आबासाहेब मात्र "आमच्याकडे पिलखान्याचा कारभार होता" असं सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, राज्य ह्यांच्याच हत्तींवर चाललं होतं. आता ना हत्ती, ना चारा, पण तोरा जसाच्या तसा. मे महिन्यात ग्वाल्हेरची भट्टी होते तेव्हासुद्धा हा माणूस बंद गळ्याचा कोट घालून गल्ल्यावर बसे आणि घामाघूम होऊन इतरांच्या कपड्यांना नावं ठेवी.

दुकानात दोन गादीच्या खुर्च्या होत्या आणि एक लाकडी बाक. जुन्या मराठी घराण्यातलं कोणी आलं की खुर्ची, थंड पाणी, "श्रीमंत कसे आहेत?" बाकी सगळ्यांना बाक. तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन एखादी आई बाकावर बसलेली असे, आणि खुर्चीतले कोणी काका खोकल्याची गोळी घ्यायची सोडून आजोबांच्या तलवारीची लांबी सांगत असत. मी त्या आईला औषध देऊ लागले की आबासाहेब हळूच म्हणत, "बाई, आधी मानाचे, मग गरजेचे." हे वाक्य त्यांना फार आवडे. मला ते पहिल्या दिवसापासून ओकारी आणणारं वाटलं.

अशा माणसाकडे सिटी सेंटरमधल्या एका कंपनीचा तरुण संगणकाची नवी प्रणाली विकायला आला. आबासाहेबांना काहीच कळलं नाही, पण बाड्यावरच्या दुसऱ्या दुकानदाराने घेतली आहे म्हटल्यावर त्यांनीही घेतली. तरुणाने मला समजावलं, "मैडम, कौन कस्टमर हर महीने कौन-सी दवा ले जाता है, उसकी दवा कब खत्म होगी, सब दिखेगा. खत्म होने से पहले उसको मैसेज, और माल आपके पास पहले से तैयार."

मला खरंच आनंद झाला. आमचं निम्मं गिऱ्हाईक रक्तदाबाचं आणि साखरेचं. लांबून टेम्पोत धक्के खात येणार आणि "कल आना" ऐकून परत जाणार. ही दशा संपवता येईल असं पहिल्यांदाच वाटलं. आणि तसं झालंही. धुक्याच्या दिवसांत दम्याचे पंप दरवर्षी संपतात, हे प्रणालीने जुन्या बिलांवरून दाखवलं. मी ते आधीच मागवले, आणि त्या थंडीत एकही दमेकरी रिकाम्या हाताने गेला नाही. हिशेब नीट बघितला तर माणसाला माणसासारखं वागवणं किती सोपं होतं, ते मला त्या थंडीत कळलं.

आबासाहेबांनाही ते पाहून चेव चढला. त्यांनी त्या तरुणाला बोलावून ग्राहकाच्या माहितीत एक नवा रकाना घालायला लावला: घराणं. त्यात निवडायचे पर्याय त्यांनी स्वतः सांगितले. सरदार, मानकरी, शिलेदार, पुरोहित, आणि शेवटी इतर. तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. पैसे त्यांचे, दुकान त्यांचं, अक्कलही त्यांचीच.

महिन्याभराने घराण्यांप्रमाणे विक्रीचा पहिला आलेख पडद्यावर आला. इतरांचा खांब पडद्याच्या वरच्या कडेला टेकला होता, आणि बाकीची घराणी खाली चिमूटभर दिसत होती. इतर म्हणजे गिरण्या बंद पडल्यावर इथेच राहिलेली कुटुंबं, टेम्पोवाले, मास्तर, स्टेशनजवळच्या पडाव भागातले हॉटेलवाले, सगळं हिंदी बोलणारं शहर. म्हणजे ज्यांच्यामुळे ह्या माणसाच्या घरात चूल पेटत होती ते सगळे. आबासाहेब पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "हे गलत आहे. इतर काढून दाखवा."

इतर काढल्यावर आलेख त्यांना एकदम पसंत पडला. "बघा, मी म्हणत होतो ना? सरदार सगळ्यात वर." तेव्हापासून दुकानाचे सगळे निर्णय त्या छाटलेल्या आलेखावरून होऊ लागले. माल कोणता भरायचा, घरपोच कोणाला द्यायचं, सगळं. औषध संपत आल्याचे संदेशही त्यांनी इतरांना जाऊ दिले नाहीत. "ज्याला त्याला बोलावणं धाडणं दुकानाला शोभत नाही." मानकऱ्यांना जाणारा संदेश त्यांनी स्वतः रचला होता. एका वयोवृद्ध गृहस्थांच्या मोबाइलवर "श्रीमंतांस सविनय कळविण्यात येते की इसबगोल हजर आहे" असं गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी वाद घातला की ते शांतपणे म्हणत, "डाटा खोटं नाही बोलत, बाई. फक्त विचारायचं कोणाबद्दल, ते आपल्याला कळायला हवं."

पडावाच्या पलीकडे कमलादेवी नावाच्या म्हाताऱ्या बाई राहत. मुलगा टेम्पो चालवायचा. त्यांचं इन्सुलिन जरा वेगळं, सगळ्या दुकानांत न मिळणारं. दर महिन्याला ठरल्या वेळी येऊन त्या बाकाच्या टोकावर बसत. तेच इन्सुलिन एका सरदार घराण्यातही लागे, म्हणजे पूर्वी लागे. त्या घराण्यातला मुलगा ते दिल्लीहून आणू लागला होता, आणि प्रणाली मला कधीची सांगत होती की हे गिऱ्हाईक आता येत नाही. तसं मी बोलले, तर आबासाहेब दुखावले. "सरदार सोडून जात नसतात," असं म्हणून त्यांनी मला त्या घराण्याची मागणी चालूच दाखवायला लावली. कमलादेवींसाठी इन्सुलिन मागवायची चिठ्ठी मी दरवेळी वेगळी पाठवत असे, म्हणून निभत होतं.

मग मी भाचीच्या लग्नाला झाशीला गेले. जाताना कमलादेवींचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवून, ते त्यांचं आहे असं आबासाहेबांना तोंडाने सांगून गेले. परत आले तर ते तसंच फ्रिजमध्ये. मी विचारलं तेव्हा ते अगदी सहज म्हणाले, "ती पडाववाली आली होती. मी सांगितलं, श्रीमंतांसाठी राखीव आहे. चार दिवसांनी ये."

मी कमलादेवींच्या मुलाला फोन लावला. आई दवाखान्यात होती. दोन दुकानांत विचारलं, मिळालं नाही, आणि मग आईच म्हणाली की साहेबांनी दिवस दिला आहे, त्याच दिवशी जाऊ, त्यांना राग नको यायला. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नव्हती. फोन ठेवून मी आबासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कोटाची गुंडी नीट केली आणि म्हणाले, "ही लोकं पथ्य पाळत नाहीत." त्या वाक्याचा मला आजही राग येत नाही. राग यायला समोर माणूस लागतो.

कमलादेवी वाचल्या. दहा-बारा दिवसांनी मुलाचा हात धरून दुकानाची पायरी चढल्या, अर्ध्या उरलेल्या. मी खुर्ची पुढे केली, पण त्या सवयीने बाकाकडेच वळल्या. बसण्याआधी गल्ल्याकडे पाहून त्यांनी हात जोडले. "साहब, बीच में आ नहीं पाई. माफ़ करना."

मला वाटलं, निदान आता तरी हा माणूस मान खाली घालेल. आबासाहेबांनी हात वर करून अभय दिलं. "कोई बात नहीं. आगे से नियम से आया कीजिए. हमारा डाटा बिगड़ जाता है."

मी फ्रिज उघडून राखीव इन्सुलिन काढलं, बिल केलं, बर्फाच्या पिशवीत घालून कमलादेवींच्या हातात दिलं. आबासाहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "बाई, आता श्रीमंत आले तर?" मी अंगावरचा पांढरा कोट काढून काउंटरवर ठेवला आणि म्हातारीचा दुसरा हात धरून पायऱ्या उतरू लागले. रस्त्यावर मुलगा टेम्पो वळवायला गेला तेव्हा कमलादेवींनी विचारलं, "बेटी, अगले महीने आप दुकान पर रहेंगी न?"

"नहीं, अम्मा," मी म्हणाले. "और आप भी मत आइएगा. दवा लेकर मैं आऊँगी."