दसऱ्याचे मायक्रोस्कोप

परदेशातून मदत येणाऱ्या कॉलेजात किस्से जमवावे लागत नाहीत. पार्सल उघडलं की वस्तूच्या आधी किस्साच बाहेर पडतो. आमचं कॉलेज मेहकरच्या अलीकडे, मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो गेटचा सांगा." म्हणून गेटपासूनच सुरुवात करते.

*

आमचा माजी विद्यार्थी विलास गवई, मूळचा अमडापूरचा, आता अमेरिकेत असतो. त्याने तिकडची मराठी मंडळी गोळा केली आणि आमच्यासोबत ऑनलाइन मीटिंग घेतली. "आपलं कॉलेज नव्यानं उभं करू. काय काय लागते, सांगा."

मी मायक्रोस्कोप मागितले. आमच्या जुन्या मायक्रोस्कोपमधून फक्त बुरशी दिसायची, आणि तीही त्याच्याच भिंगावरची. प्राचार्य वानखेडे सरांनी गेट मागितलं.

गेट आधी आलं. उंच कमान, दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती. पुढे विद्यापीठाचे एक पाहुणे आले. कमानीखाली उभं राहून समोरच्या पत्र्याच्या वर्गांकडे बघत त्यांनी विचारलं, "गेट छान झालंय. कॉलेज कधी सुरू करताय?"

*

मग पुस्तकं आली. तिकडच्या कुठल्याशा धर्मादाय संस्थेने लायब्ररी रिकामी करून खोके पाठवले होते. आमचे ग्रंथपाल खान सर एक जाडजूड पुस्तक घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, बर्फात गाडी कशी चालवावी, हे कोन्या विषयात लावू?"

"भूगोलात लावा."

महिन्याभराने ते हसतच आले. "तुमच्या विषयात लावाले पाहिजे होतं. पोरं रांगेनं नेऊन राह्यले."

खरंच होतं. हर्बेरियमसाठी पानं दाबून वाळवायला एवढं वजनदार पुस्तक आमच्या अख्ख्या लायब्ररीत दुसरं नव्हतं.

*

विलासच्या ओळखीचे एक वयस्क प्राध्यापक तिकडून ऑनलाइन व्याख्यान द्यायला तयार झाले. आमच्याकडे पाहुण्याचा सत्कार झाल्याशिवाय कार्यक्रम पुढे सरकत नाही. पाहुणे पडद्यावर, मग हार कुठे घालायचा? वानखेडे सरांनी तो टीव्हीलाच घातला, खाली नारळ ठेवला आणि अगरबत्तीही लावली.

तेवढ्यात नेट गेलं. प्राध्यापकांचा हसरा चेहरा पडद्यावर तसाच थांबला. उशिरा आलेली पोरं दारातच चपला काढून मान खाली घालून उभी राहिली. ती बघून आधी बसलेलीही उठली. हॉल एकदम शांत.

नेट परत आलं तेव्हा प्राध्यापकांना सगळा वर्ग हात जोडून उभा दिसला. त्यांनी फार नम्रपणे विचारलं, "मी पुढे बोलू का?"

*

शेवटी मायक्रोस्कोप आले. नवे, चकचकीत. मी खोक्याला हात लावणार तोच वानखेडे सरांनी ते उचलून आपल्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात ठेवले. किल्ली खिशात.

"सर, सोमवारी प्रॅक्टिकल आहे."

"वापरले की बिघडतीन, मॅडम. बिघडले की विलासले काय तोंड दाखवू मी?"

माणूस वाईट नाही. घरच्या नव्या सोफ्यावरचं प्लास्टिकही त्यांनी अजून काढलेलं नाही. पण माझा जीव तुटायचा. जुने मायक्रोस्कोप तर नवे येताच भंगारात गेले होते. पोरं बीएस्सी होऊन जात होती, आणि त्यांनी पेशी पाहिलेली नव्हती. मी फळ्यावर आकृती काढायची, त्यांनी ती जर्नलमध्ये उतरवायची.

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या शस्त्रपूजेला, मायक्रोस्कोप बाहेर निघायचे. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. पोरं लांबून नमस्कार करायची. मायक्रोस्कोप परत आत.

*

प्रज्ञा इंगळे ही शेवटच्या वर्षाची मुलगी धामणगाव बढ्याची. इथे मावशीकडे राहून शिकते. तिला पुढे एमएस्सी करायचं आहे. कांद्याच्या पेशीची तिची आकृती इतकी सुरेख, की मी ती दुसऱ्या वर्गांना दाखवते. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर खूश झाले.

"वा. मायक्रोस्कोपखाली नीट निरीक्षण केलेलं दिसतं."

"नाई सर."

"मायक्रोस्कोप पाहिला तरी आहेस ना?"

"हाव सर. दसऱ्याले."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर सिमेंटच्या हत्तींकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर व्हरांड्यात प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, एमएस्सीच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी हातात मायक्रोस्कोप देतीन. मी काय करू? जायच्या आधी एकडाव पाहाले भेटन का?"

त्या रात्री मी विलासला फोन केला. बाकी काही सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, "बाबा, एकदा स्वतः येऊन जा."

*

विलास आला. गेटपाशी हार, हॉलमध्ये हार, लायब्ररीत हार. हार उतरवता उतरवता तो म्हणाला, "सर, मायक्रोस्कोप कुठं हायेत?"

कपाट उघडलं. एका मायक्रोस्कोपवर दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. विलासने ते पाहिलं. त्याने कॅन्टीनमधून कांदा मागवला, स्वतःच्या नखाने पापुद्रा काढला, स्लाइड तयार केली आणि प्रज्ञाला पुढे बोलावलं. तिच्यामागे पोरांची रांग लागली, ती पार व्हरांड्यापर्यंत.

प्रज्ञाने डोळा लावला. बराच वेळ ती हललीच नाही.

"मॅडम," ती वर न बघताच म्हणाली, "आपल्या आकृतीत रेषा सरळ असतेत. ह्या तर वाकड्यातिकड्या हायेत. अन् मधात मधात हवेचे बुडबुडे."

मला रडू आलं. विलासचंही नाक लाल झालं. त्याने वानखेडे सरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"सर, आज समाधान वाटलं. मोकळेपणानं सांगा, आता काय पाठवू?"

वानखेडे सरांनी हात सोडवून घेतले, खिशातला रुमाल काढला, प्रज्ञाच्या डोळ्याचा डाग भिंगावरून हळूच पुसला आणि मागच्या रांगेकडे एकदा नजर टाकली.

"दुसरं कपाट पाठव," ते म्हणाले. "याचं कुलूप आता पोराईनं पाहिलं."