टीव्हीतल्या बाईचा वळसा

आमच्या दूध सोसायटीत माझं काम म्हंजी कॅन धुवायचं. शाळा म्या बाहेरूनच बघितली. मास्तरनं बापाला सांगितलं हुतं, "ह्याला म्हशीमागं लावा, म्हशी तरी तक्रार करायच्या न्हाईत." पण त्या साली दुष्काळानं म्हशीच आटल्या. जनावरं छावणीला गेली, कॅन उपडे पडले, आन धुवायला पाणीबी न्हवतं. मंग म्या दिसभर सोसायटीत बसून पगार खायचो. त्या कामात मातूर म्या लई हुशार.

आमच्या चेअरमनची लेक सोलापूरला कंप्युटर शिकत हुती. सुट्टीत ती कालिजातनं एक मशीन मागून घेऊन आली. टायपिंगच्या मशीनीवाणी बटनं, पण कागद घालायला जागाच न्हाय. ती तिनं सोसायटीच्या टीव्हीला जोडली. तिनं सोता तयार केलेला खेळ कॅसेटमदी भरला हुता. टेप लावली की अशी किंचाळायची, की पैल्या दिशी म्या चपला सोडून पळालो. वाटलं, कुणाच्या अंगात आलं.

"मामा, या आत. खेळ मशीनमध्ये चाललाय, त्याचा आवाज आहे तो," ती म्हन्ली.

"आत जाताना एवढं रडायलंय, तर बाहेर येताना काय करंल?" म्या दारातनंच इचारलं.

पडद्यावर आमचंच गाव निघालं. वरनं, घारीनं बघावं तसं. मारुतीचं देऊळ, चावडी, शाळा, बौद्धवाडा, मधी पटांगण. आन ज्वारीच्या दाण्याएवढी एक बाई, कंबरेवर घागर. बाईनं घरनं निघायचं, कुत्री चुकवायची, आन टँकर जायच्या आत पाणी गाठायचं. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी पट्टी हुती. ती आटत जायची. पट्टी संपली की टँकर गेला.

"हिला सगळे हुकूम लिहून द्यावे लागतात," पोरगी सांगायची. "भिंत आली तर थांब, कुत्रं आलं तर माघारी फीर. जे सांगितलं नाही ते हिला येतच नाही."

"म्हंजी माझी बहीणच म्हना की."

"म्हणून तर तुम्हाला बसवते. आमचे सर म्हणतात, ज्यानं खेळ केला त्यानं खेळून काही कळत नाही. ज्याला काहीच माहीत नाही त्याला बसवायचं, आणि आपण गप बघायचं."

जिंदगीत पैल्यांदा माझ्या येडेपणाला मागणी आली. म्या ऐटीत बसलो.

पण पोरीचा जीव टांगणीला लागला हुता. चेअरमननं तिला बजावलेलं, "सुट्टी संपायच्या आत मला खेळून बघू दे. जमलाय असं वाटलं तर जा सोलापूरला. न्हाय तर तुला बघून गेलेल्या मुरुमच्या पाव्हण्यांना हो म्हणून कळवतो."

म्या हारलो. परत बसलो, परत हारलो.

"मी खेळले की पट्टी उरते. तुमचीच का संपते?" पोरगी म्हन्ली.

"ताई, माझी उपजतच संपलेली हाय."

मंग तिनं पोस्टमनला बसवलं. देवळातल्या म्हाताऱ्याला बसवलं. बौद्धवाड्यातल्या मास्तरीणबाई आल्या, त्या तर गणित शिकवायच्या. सगळे हारले. मास्तरीणबाई हारल्या तवा मला लई गार वाटलं. पण पोरीचं तोंड उतरलं. कुणालाच जिंकता येत न्हाय, तर काय दाखवायचं बापाला?

दुसऱ्या दिशी तिनं खताच्या पोत्यातलं पातळ प्लॅस्टिक टीव्हीच्या काचंवर चिटकवलं. जो खेळंल त्याची बाई जिकडनं जाईल, तिकडनं ती पेनानं रेघ वढायची. सगळ्यांचं झाल्यावर तिनं टीव्ही बंद केला आन उजेडासाठी दाराचे दोन्ही पल्ले सताड उघडले.

काळ्या काचंवर रेघाच रेघा. शाळेपस्तोर सगळ्या एका जागी आलेल्या, मंग फाकलेल्या, आन पल्याड जाऊन परत एक झालेल्या. वढ्यात धोंडा असला की पाणी फाकतंय, तशा. मधी गोल जागा कोरी. एकबी रेघ तिच्यातनं गेली न्हवती.

"इथं मी काहीच काढलेलं नाही," ती म्हन्ली. "मोकळं पटांगण आहे. सरळ गेलं तर टँकर सापडतो. सगळे वळसा का घालताय?"

"म्या कुठं वळसा घातला?" पोस्टमन म्हन्ला.

"मी तर सरळच गेले बाई," मास्तरीणबाई म्हन्ल्या.

मलाबी तसंच वाटत हुतं. पोरीनं मला परत बसवलं. "ह्या वेळेला सरळच न्या."

म्या सरळचं बटन धरून ठिवलं. बाई निघाली, पटांगणापाशी आली, आन डाव्या अंगाला वळली. म्या बोटाकडं बघितलं. ते दुसऱ्याच बटनावर हुतं.

"हे बोट कुणाचंय?" म्या इचारलं.

कुणी हासलं न्हाय. माझ्या इनोदाला लोक हासत न्हाईत ह्यात नवं काय न्हाय. पण त्या दिशी म्याबी हासलो न्हाय.

मास्तरीणबाई खालच्या आवाजात बोलल्या, "मागच्या दुष्काळात तिथं गावची विहीर खांदत हुते, पोरी. बाया खाली मातीच्या पाट्या भरत हुत्या, तवाच कड ढासळली. बाकीच्या बाया वर काढल्या, एक घावलीच न्हाय. तुझी आत्या, चेअरमनची धाकटी बहीण. तू पाळण्यात हुतीस. शेवटी तशीच बुजवली."

"घरात कुणी कधी बोललं नाही," पोरगी म्हन्ली.

"घरात न्हाय, आन गावातबी न्हाय."

ती उठून दारात गेली. समोरच पटांगण. भर दुपार, चिटपाखरू न्हाय, पांढरा फुफाटा. त्यातनं पायवाट चालली हुती. मधी फाकली, पल्याड जुळली. बराबर काचंवर हुती तशीच.

"शाळेला मी रोज इथूनच जायचे," ती हळूच म्हन्ली. "मामा, मी पण कधी सरळ गेले नाही."

तिनं गावाच्या चित्राला हात लावला न्हाय. नुस्ती पट्टी लांब केली, वळसा घालूनबी पाणी मिळंल एवढी. मंग सगळे जिंकाय लागले. म्यासुदिक.

आन चेअरमन आले. टोपी मांडीवर ठिवून खुर्चीत बसले. लेकीनं बटनं दावली. त्यांची बाई निघाली. आमच्यापरीस झ्याक चालली, कुत्र्यांना घावली न्हाय. पटांगणाच्या कडंला आली आन थांबली.

वळली न्हाय. सरळबी गेली न्हाय. नुस्ती हुबी.

"अण्णा, चला ना. पट्टी संपायलीय."

चेअरमननं हात काढून घेतले. पट्टी आटत गेली, संपली. टँकर गेला. बाई तिथंच, घागर घेऊन. माझ्या मनात मुरुमची वरात वाजाय लागली.

"हिच्या डोईवर तर मातीची पाटी हुती. घागर कुणी दिली हिला?" त्यांनी इचारलं.

"मीच, अण्णा. पाण्याला चालली म्हणून."

चेअरमननं टोपीनं तोंड पुसलं. उठले. दारात गेल्यावर पाठमोरेच म्हन्ले, "उद्याच्या गाडीनं जा सोलापूरला. आन त्या पटांगणात काय काढू नको. हाय तसंच ऱ्हाऊ दे."

पोरगी भित्तीला टेकून खाली बसली. म्हन्ली, "मामा, बंद करा."

म्या टीव्हीच्या बटनावर हात ठिवला. बाई हुबीच. टँकर गेल्यावर थांब, एवढा एक हुकूम द्यायचा पोरगी इसरली हुती, म्हणून बटनं दाबली की ती अजूनबी चालत हुती. म्या खुर्चीत बसलो, आन तिला वळसा घालून माघारी घेऊन निघालो. शाळेपाशी एकदा कुत्र्यावर घातली, ते माझंच कसब. पण आणली. रिकाम्या घागरीनं का हुईना, दारापस्तोर आणून सोडली.

मंग टीव्ही बंद केला.