बिनखांबाचं वळण

मी तीन वर्षं चाकांच्या बुटांवर शर्यती पळलो, असं आता सांगितलं की माणसं आधी माझ्या पायांकडे पाहतात, मग पोटाकडे. पोट नंतरचं आहे.

मी मूळचा साखरखेर्ड्याचा. एकोणिसाव्या वर्षी खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात काट्यावर लागलो. शेतकऱ्यांच्या गाड्या यायच्या, मी कापूस तोलायचा आणि शिव्या खायच्या, असं ते काम. फाटकासमोर पन्नाशीचे एक मुसलमान मिस्त्री बसत. सायकल, शिलाई मशीन, स्टोव्ह, जे बिघडेल ते दुरुस्त करत. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. बदली झालेल्या कुठल्याशा साहेबानं जाताना त्यांना एक पेटी देऊन टाकली होती. तिच्यात लोखंडी तळव्यांचा एक जोड निघाला. प्रत्येकाखाली चार चाकं, वर चामड्याचे पट्टे. चाचांनी ती चाकं आठवडाभर रॉकेलात बुडवून ठेवली आणि मग मला हाक मारली.

"हे पायात बांधून पळायचं असते. बांध."

"मी काऊन? तुम्हीच बांधा ना, चाचा."

"मी पडलो त दुकान बंद पडते. तू पडला त काटा बंद पडते. अन् काटा बंद पडला त शेतकरी पेढे वाटतीन."

मी ते बांधले.

पावसाळ्यात जिन बंद असे आणि गाठींचं गोदाम रिकामं. लांबच लांब शहाबादी फरशी, मध्ये बिडाच्या खांबांच्या दोन रांगा. इथं पळू का, म्हणून कारखान्याच्या मुनीमजींना विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "यानं आग तर लागत नाही ना? मग पळ. पण आधी झाडून घ्यायचं."

झाडणं भागच होतं. सरकीचा एक दाणा राहिला तरी चाक जागच्या जागी अडे आणि मी एकटा पुढे जाई. पहिला महिनाभर मी पळालो कमी, झाडलं जास्त. गोदाम एवढं स्वच्छ कधीच नव्हतं, असं मुनीमजी मालकांना सांगत, आणि माझा उल्लेख करत नसत.

हळूहळू जमलं. वळायचं असलं की डाव्या हातानं खांब पकडायचा आणि गर्रकन फिरायचं. थांबायचं असलं की खांबाला मिठी मारायची. चाचा बारदानाच्या ढिगावर बसून शिकवत. ते स्वतः चाकांवर एकदाही उभे राहिले नाहीत, पण नुसता आवाज ऐकून सांगत, "उजवा पाय खोटं बोलून राह्यला. त्याच्यावर वजन टाक." मी टाकायचो आणि आवाज सरळ व्हायचा.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मुनीमजींनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं की नागपूरला प्रदर्शन भरलंय आणि त्यात लाकडी फळ्यांच्या जमिनीवर चाकांच्या बुटांच्या शर्यती आहेत. कोणीही भाग घ्यावा. "कोनीही म्हंजे आपनच," चाचा म्हणाले. जलंबला गाडी बदलून आम्ही नागपूर गाठलं. सबंध रस्ता चाचांनी ते बूट मांडीवर धरले होते.

नागपूरला बाकीचे स्पर्धक पांढऱ्या विजारीत होते. मी अर्ध्या चड्डीत. नावं लिहून घेणारे गृहस्थ पुण्याकडचे असावेत. त्यांनी शुद्ध भाषेत विचारलं, "आपण कोणाच्या वतीने आलात?"

"वतीनं नाही जी," चाचा म्हणाले, "रेल्वेनं आलो."

गृहस्थांनी वर पाहिलं नाही. काहीतरी लिहिलं.

पहिली फेरी सुटली. सरळ भागात मी सगळ्यांच्या पुढे होतो. मग वळण आलं, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या मांडवात एकही खांब नाही. डावा हात सवयीनं बाहेर गेला, मुठीत काही आलं नाही, पण अंग आपोआप डावीकडे कललं आणि मी वळलो. खांबानं कधी वळवलं नव्हतं इतकं सुरेख वळलो. पुढची सगळी वळणं मी असा हात लांब करून, नसलेला खांब धरून घेतली आणि पहिला आलो.

मग थांबायचं राहिलं. मिठी मारायला काहीच नव्हतं. मी आणखी तीन चकरा मारल्या. लोकांना वाटलं, हा आनंद करतोय. टाळ्या सुरू झाल्या. चौथ्या चकरेत दोरीखालून निसटलो आणि पाहुण्यांच्या चहाच्या टेबलाला जाऊन मिठी मारली. कपबशा गेल्या. एका वयस्क बाईंनी मला उठवलं, "लागलं का रे?" म्हणाल्या आणि स्वतःच्या पदरानं माझ्या मानेवरचा चहा पुसला.

अंतिम शर्यतीत चहाचं टेबल हलवलेलं होतं, पण माझ्या डोक्यातून हललं नव्हतं. शेवटच्या चकरेत मी आधीच घाबरून वेग कमी केला आणि तिसरा आलो. चाचांना वाईट वाटलं असेल म्हणून मी मान खाली घालून गेलो. ते माझे बूट सोडत म्हणाले, "तिसरा त तिसरा. कपबशी एकबी नाही फुटली या वक्ती."

तिसऱ्या नंबरचा बिल्ला मिळाला होता, तो घेऊन दिवाळीला घरी गेलो. बाबा शंकरपटाचे शौकीन. पटाला कुठली बैलजोडी कशी पळाली, ते त्यांना दहा वर्षांचं पाठ. त्यांनी बिल्ला दोन्ही बाजूंनी पाहिला.

"कायच्यात भेटला?"

"पळण्यात. पायाले चाकं बांधून."

"मांग गाडी होती?"

"नाही."

"समोर बैल?"

"नाही."

"मंग काऊन पळून राह्यला होता?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजवर शोधतो आहे. आईनं मात्र बिल्ला देव्हाऱ्यात ठेवला आणि बाबांनी तो तिथून काढला नाही.

थांबायला मी पुढच्या पावसाळ्यात, गोदाम रिकामं झाल्यावर शिकलो. पाय आडवा करून घासत न्यायचा, एवढंच होतं ते. त्या दसऱ्याला नागपूरला पहिला आलो, नंतर जबलपूरला दुसरा. मग तिकडे युरोपात लढाई लागली. कापूस बाहेर जाईना, गाठी उचलल्या जाईनात. पावसाळा आला तरी गोदाम भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेलं. फाटकापासून काट्यापर्यंतच्या खडबडीत वाटेवर मी एकदा पळून पाहिलं आणि दात हलले. सरावाशिवाय शेवटची शर्यत पळलो, सगळ्यात मागे राहिलो, आणि परतीच्या गाडीत मला गाढ झोप लागली, याचं मला जरा आश्चर्यच वाटलं.

लढाईत सायकलीच्या बेअरिंगचे छर्रे मिळेनासे झाले. एक दिवस चाचा चाचरत म्हणाले, "तुह्या बुटाच्या चाकातले छर्रे काढू का? पोस्टमनची सायकल अडून राह्यली."

मी हो म्हणालो. पोस्टमन दोन दिवसांनी काट्यावर पत्र घेऊन आला आणि सांगू लागला की चाचांच्या हातात जादू आहे, सायकल उतारावर आवरत नाही. मी त्याला पाय आडवा करून घासायला शिकवलं.